कूर्मदासाची वाट

॥ श्रीज्ञानदेव तुकाराम ॥



शौच हा शब्द मोठा विचित्र आहे. श्रीमद्भगवद्गीतेत तो तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत येतो, सोळाव्यात दैवी संपत्तीत येतो, सतराव्यात शारीर तपात येतो आणि अठराव्यात पुन्हा स्वभावकर्मांत येतो. भगवंताने एकच गुण चार ठिकाणी मोजून सांगितला, तेव्हा तो किरकोळ खासच नव्हे. तेराव्या अध्यायात या एका पदावर बोलताना माउली कापराचा दाखला देतात. कापूर आत एक आणि बाहेर एक असा नसतो. हे सगळे आपल्याला पाठ आहे. पण हाच शब्द दिंडीत किंवा सप्ताहाच्या मांडवात निघाला की आपला आवाज खाली येतो. पोथीत शौच म्हणजे दैवी संपत्ती, आणि मांडवामागे शौच म्हणजे कुजबुज!

आज त्या कुजबुजीविषयीच मोठ्याने बोलायचे आहे. आषाढी असो, कार्तिकी असो, गावचा अखंड हरिनाम सप्ताह असो, जिथे शेकडो, हजारो, लाखो माणसे उघड्या मैदानावर जमतात, तिथे बहिर्दिशेची सोय कशी असावी, आणि विशेषेकरून म्हाताऱ्या, पांगळ्या, आंधळ्या, आजारी माणसाला ती वापरता येईल अशी कशी करावी, हा आजचा विषय. कोणी नाक मुरडू नये. विषय परमार्थाचाच आहे. कसा, ते पाहू.

कूर्मदासांची कथा तुम्ही ऐकली आहे. पैठणचे हे संत हातापायांनी पांगळे. त्यांना पंढरीची ओढ लागली. लोक म्हणाले, अरे, तुला धड बसता येत नाही, तू कसला पंढरीला जातोस? पण ते निघाले. पोटावर सरपटत, लोळत, दगडधोंड्यांनी अंग सोलून घेत वाट चालू लागले. एकादशी जवळ आली तेव्हा ते लऊळ गावापर्यंत पोचले होते. पंढरी अजून दूर, आणि अंगात त्राण नाही. तेव्हा त्यांनी पुढे जाणाऱ्या वारकऱ्यांजवळ निरोप दिला, की देवा, माझ्याने आता येववत नाही, तूच ये. आणि देव निघाले! बरोबर ज्ञानोबा आणि नामदेव. वाटेत अरणला सावतोबांकडे काय लीला झाली ती तुम्हांला ठाऊकच आहे. पुढे देव लऊळला आले आणि कूर्मदासांना भेटले. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात लऊळला आजही त्यांचे मंदिर आहे.

आता या कथेचे आपण काय केले? आपण भक्ताचे कौतुक केले. केवढा निर्धार, केवढी आवड, असे म्हणून डोळे पुसले. ते योग्यच आहे. पण देवाने काय केले, तिकडे आपले लक्ष कमी. देवाने कूर्मदासांना असे नाही कळवले, की आणखी थोडा नेट धर, तुझी परीक्षा चालू आहे. भक्ताचे पाय जिथे संपले तिथून पुढचे अंतर देवाने आपल्या पायांनी कापले. कथेचे हृदय इथे आहे. मग जो देवाच्या नावाने मांडव घालतो, दिंडी काढतो, पंगत बसवतो, त्याने कोणाचा कित्ता गिरवायचा? भक्ताने सरपटावे हे भक्ताचे भूषण. पण त्याला सरपटायला लावणे हे यजमानाचे भूषण नव्हे.

आमच्या मुळशी खोऱ्यातल्या एका आजींनी वारी सोडली. पुष्कळ वर्षांची वारी. मी विचारले, आजी, चालवत नाही का? त्या म्हणाल्या, "म्हाराज, चालायला पाय हायेत, पर बसायला गुडघं न्हाईत." शास्त्री-पंडितांच्या सभेत इतके नेमके वाक्य क्वचितच कानी पडते. सपाट वाटेवर त्या दिवसाला चार-पाच कोस चालतील, मुखी हरिपाठ चालू ठेवतील. पण उकिडवे बसणे आणि बसल्यावर उठणे होत नाही. वय झालेल्या माणसाचे गुडघे झिजले की हेच होते. आणि मुक्कामावर जी सोय असते ती सारी उकिडवे बसण्याची. आजी थकल्या म्हणून वारी चुकली असे आपण म्हणतो. खरे पाहता एक फूट-दीड फूट उंचीची बैठक मिळाली नाही म्हणून ती चुकली.

ज्यांनी वारी सोडलेली नाही, त्यांचेही ऐका. दिंडीतल्या कितीतरी मायबहिणी दुपारनंतर पाणी पीत नाहीत. का? तर रात्री अंधारात जावे लागू नये म्हणून. काही जणी जेवणही अर्धे करतात. उन्हातून चालायचे आणि पाणी प्यायचे नाही! चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय याच विषयाचा आहे. कोणते वेग अडवू नयेत, ते तिथे मोजले आहेत. असे तेरा वेग, आणि त्यांत आरंभीच मूत्र आणि मल. ते अडवले तर पोटात शूळ उठतो, लघवीला जळजळ होते, डोके दुखते, असे आचार्य स्पष्ट सांगतात. आजचे डॉक्टर दुसरे काय सांगतात? तेव्हा जी माउली पाणी तोडून चालते ती तप करीत नाही. आपल्या अव्यवस्थेचा दंड ती आपल्या देहाने भरते.

पूर्वी हे भागत होते, असे काही जण म्हणतात. पूर्वीची गोष्ट निराळी होती. वाटेला ओढे होते, बाभळीची बने होती, उसाची आणि जोंधळ्याची आड होती, आणि माणसेही थोडी होती. तरी त्या काळी यात्रा आणि पटकी ही जोडगोळी ठरलेली असे, हे विसरू नये. आता दोन्ही पालख्यांचे मार्ग रुंद झाले, त्यांना राष्ट्रीय महामार्गाचे रूप आले, झाडी गेली, आडोसा गेला, आणि माणूस लाखांनी वाढला. गेल्या काही वर्षांत सरकार आणि सेवाभावी मंडळी मुक्कामा-मुक्कामावर फिरती शौचालये उभी करतात, तरुण मुले-मुली उभ्या राहून लोकांना तिकडे वळवतात. हे मोठे पुण्यकर्म आहे, त्यांना दंडवत. पण गाडीवर बसवलेल्या त्या शौचालयाला तीन-चार लोखंडी पायऱ्या असतात. दार अरुंद, आत अंग वळवायला जागा नाही, धरायला आधार नाही. धडधाकट माणसाची सोय झाली. कूर्मदास मात्र पायरीशीच थांबले.

इथे एक शंका घेतली जाते. वारी म्हणजे तप, त्यात हाल व्हायचेच. सोयी मागत बसलात तर वारी कसली? शंकेला मान देऊन उत्तर देतो. तप स्वतः पत्करायचे असते. मी एकादशीला निर्जळी उपवास करीन, ते माझे तप. मी शेजाऱ्याच्या ताटातली भाकरी काढून घेतली तर ते शेजाऱ्याचे तप होत नाही, माझा अपराध होतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात देहाला व्यर्थ पीडा देणाऱ्या तपाची भगवंताने निंदाच केली आहे. तेव्हा ज्याला हाल सोसायचे त्याने खुशाल सोसावे. दुसऱ्याच्या हालांवर आपल्या वारीचे मोठेपण उभारू नये.

दुसरी शंका याहून गोड शब्दांत येते. अशा माणसांनी घरी बसून नाम घ्यावे, देवाला भाव पुरेसा आहे. खरे आहे, देवाला भाव पुरेसा आहे. पण घरी बसायचे की वाट धरायची, हे त्या माणसाने आणि त्याच्या देवाने ठरवायचे. आपण मधले कोण? चोखोबांनाही लोकांनी हेच सांगितले होते, की तुम्ही बाहेरूनच नमस्कार करा, देव सगळीकडे आहे. ते ‘बाहेरूनच’ पुसायला शतके लागली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा कुठे विठ्ठलमंदिराचे दार सर्वांना उघडले. आज दार उघडे आहे. कोणी कोणाला अडवीत नाही. पण दाराआधी एक उंच पायरी ठेवून दिली, तर न बोलता माणूस बाहेर राहतो. आणि त्याला बाहेर ठेवणारा कोण, हेही दिसत नाही, म्हणून कोणाला टोचणीही लागत नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या एका महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग माणसे मोजली गेली. २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला, त्यात सार्वजनिक जागा त्यांना वापरता आल्या पाहिजेत असे आहे. कायद्याने सांगितले म्हणून करावे, हे तर आहेच. पण ज्या संप्रदायात लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, त्याला हे कायद्याने सांगावे लागावे काय?

आता करावे कसे, ते सांगतो. कीर्तनकाराने हिशेब सांगू नये असे कुठे लिहिलेले नाही. पंगतीला किती शेर डाळ लागते हे आपण आधी महिनाभर मोजतो. मग हेही मोजावे.

प्रथम संख्या. भूकंप, महापूर यांत जी माणसे छावण्यांत राहतात, त्यांच्यासाठी जगभर एक दंडक मानतात. अगदी आरंभीच्या घाईतही ५० माणसांमागे १ शौचकूप तरी हवे, आणि पुढे जसे जमेल तसे २० माणसांमागे १ करावे. आणि बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट. बायकांना वेळ अधिक लागतो, बरोबर लेकरे असतात, म्हणून तिप्पट. आपल्या सप्ताहाला १००० माणसे मुक्कामाला असतील तर निदान २० शौचकुपे झाली, त्यांत १५ बायकांची, ५ पुरुषांची. पुरुषांच्या मुताऱ्या वेगळ्या. आपण बहुधा अर्धी-अर्धी वाटणी करतो आणि बायकांकडे रांग लागते. या वीसांतली निदान दोन-तीन तरी सर्वांना वापरता येतील अशी हवीत. आणि एकूण सोय कितीही थोडी असली, तरी अशी एक बायकांकडे आणि एक पुरुषांकडे हवीच.

आता ‘सर्वांना वापरता येईल’ म्हणजे काय? जोते जमिनीलगत असावे. ते उंच करणे भागच असेल तर पायरीऐवजी उतार करावा. तो किती? एक फूट उंचीला बारा फूट लांब. याहून उभा केला तर चाकाची खुर्ची चढत नाही आणि उतरताना आवरत नाही. दार तीन फूट रुंद, बाहेर उघडणारे, कारण आत माणूस पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते. कडी आतून लागावी, पण प्रसंगी बाहेरून काढता यावी. आत पाच फूट मोकळी जागा असावी, म्हणजे खुर्ची वळते आणि सोबत लेक, सून किंवा सेवेकरी उभा राहू शकतो. बैठक सुमारे दीड फूट उंच, दोन्ही बाजूंना धरायला भक्कम दांड्या. दांडी अशी हवी, की सगळा भार टाकला तरी हलू नये. पाणी बसल्या जागी हाताला यावे. काठी अडकवायला एक खुंटी. बायकांकडे झाकणाची एक बादली, कशासाठी ते सांगायला नको.

ही जागा कुठे असावी? आपण ती शेवटच्या टोकाला, जिथे चिखल आणि अंधार, तिथे ढकलतो. म्हाताऱ्या माणसाला वेग आला की तो फार थांबत नाही. शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत लाज जाते. म्हणून सर्वांसाठीची ही शौचकुपे मांडवाच्या जवळ, पण स्वयंपाकापासून आणि पिण्याच्या पाण्यापासून दूर असावीत. वाटेवर मुरूम टाकून ती ठोकून घट्ट करावी. रात्रभर दिवा हवा. आंधळ्या माउलींसाठी मांडवाच्या खांबापासून दारापर्यंत कमरेच्या उंचीने एक दोर बांधावा; दोराला हात लावला की वाट सापडते. याला किती खर्च येतो? भोंग्याला आणि झालरीला जेवढा येतो त्याच्या पासंगालाही नाही.

दिंडीवाले म्हणतील, आम्ही रोज मुक्काम हलवतो, आम्ही जोते आणि उतार कुठून आणणार? खरे आहे. त्यांनी इतकेच करावे. सामानाच्या ट्रकमध्ये मधोमध भोक असलेली एक मजबूत खुर्ची ठेवावी, म्हणजे ती कुठल्याही सपाट शौचकुपावर मांडता येते. कापडी आडोशाचा एक तंबू असावा, आणि एक कंदील किंवा विजेरी. मुक्कामावर राहुट्या ठोकण्याआधी हा आडोसा ठोकावा. आमच्या आजींची वारी एवढ्यावर परत सुरू होते!

तिसरी गोष्ट पाण्याची आणि राखणीची. शौचकूप बांधणे सोपे, ते सातव्या दिवशीही वापरण्याजोगे ठेवणे कठीण. पहिल्या दिवशी स्वच्छ, दुसऱ्या दिवशी ओले, तिसऱ्या दिवशी कोणी पाऊल टाकीना, अशी गत होते. यावर उपाय आपल्याच परंपरेत आहे. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पहारे वाटलेले असतात. रात्री दोन वाजता कोणाचा पहारा हे कागदावर लिहून खांबाला लावलेले असते, आणि पहारेकरी झोपमोड करून उभा राहतो. तसाच पाण्याच्या पिंपाचा पहारा लावावा. पिंप रिकामे पडू द्यायचे नाही, फरशी ओली राहू द्यायची नाही, दिवा विझू द्यायचा नाही. नावे त्याच कागदावर, वीण्याच्या पहाऱ्याखाली लिहावीत. आणि गावातल्या मानकऱ्यांची नावे आधी लिहावीत. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्याच्या रूपाने बारा वर्षे कावडीने पाणी कोणी वाहिले? जनाबाईबरोबर केर कोणी काढला? देवाला जे काम हलके वाटले नाही, ते आपल्याला हलके वाटते, याचे नवल वाटते. गाडगेबाबा १९५६ साली गेले. ते आधी खराट्याने गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या कीर्तनाचे अर्धे निरूपण खराट्याने आधीच होऊन गेलेले असे.

चौथी गोष्ट सर्वांत जड आहे. आपण जे मागे टाकतो ते उचलतो कोण? पंढरपुरात यात्रेनंतर माणसांनी माणसांची घाण हाताने उचलावी, असे वर्षानुवर्षे चालले. त्यावर मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली, चंद्रभागेच्या वाळवंटातल्या मुक्कामाला आवर बसला, नदीपलीकडे ६५ एकरांचा तळ तयार झाला. २०१३ साली कायदाही झाला, की हाताने मैला उचलण्याचे काम कोणी कोणाला लावू नये. आपण ज्या मुखाने सर्वांभूती देव म्हणतो, त्याच मुखाने त्या माणसाला ‘जा, तेवढे उचलून टाक’ कसे म्हणावे? म्हणून टाकी उपसायची ती यंत्राच्या गाडीने. झाडलोट करणाऱ्याला हातमोजे, पायांत बूट, वेळेवर मजुरी, आणि पंगतीत आपल्या शेजारी पान. काल्याचा प्रसाद त्याला शेवटी नेऊन देऊ नये. त्याला आधी बोलवावे. पांगळ्याची सोय करायची आणि झाडणाऱ्याला खड्ड्यात उतरवायचे, हे शौच नव्हे. ते कापरासारखे आतबाहेर एक राहिले नाही.

आणि शेवटी आमच्या माल्याकडची एक गोष्ट. आमच्या मुळशीत पाऊस दांडगा. पावसाळ्यात हातभर खणले तरी खड्ड्यात पाणी. म्हणून शोषखड्डा करायचा तो कोरड्या दिवसांत, विहीर, ओढा, झरा यांपासून निदान १०० फूट दूर, आणि त्याचा तळ भूजलाच्या वर पाच फूट तरी राहील असा. हे कशासाठी? तर धरणाखाली या खोऱ्यातले पाणी मुळेत उतरते. मुळा पुण्याला मुठेला मिळते. मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेत जाते. भीमा उजनीवरून पंढरीला जाते आणि तिथे तिचे नाव चंद्रभागा होते. म्हणजे माल्यातल्या ओढ्यात आपण जे सोडू ते आपल्याआधी पंढरीला पोचते. आपण पायी जाऊन देवाच्या चरणांवर तुळस वाहणार, आणि आपल्या ओढ्याने आधीच काय नेऊन वाहिले, याचा विचार करावा.

२०१९ साली प्रयागच्या कुंभमेळ्यात सरकारने एक लाखाहून अधिक शौचालये उभी केली होती. मनात आणले तर केवढे होऊ शकते, हे त्यावरून दिसते. आपल्याला लाख नकोत. आपल्या गावच्या सप्ताहात, आपल्या दिंडीत, अशी एक-दोन जागा हवी, की जिथे आजी कोणाचा हात न मागता बसतील आणि उठतील. एवढे झाले तर त्या संध्याकाळी पोटभर पाणी पितील, रात्री निर्धास्त झोपतील आणि पहाटे काकड्याला सर्वांच्या आधी येऊन बसतील.

म्हणून विनंती इतकीच. पुढच्या सप्ताहाची बैठक बसेल तेव्हा कीर्तनकार कोण, अन्नदाते कोण, हे ठरवण्याआधी एक प्रश्न विचारावा: आपल्या गावचे कूर्मदास कोण कोण? त्यांची नावे घ्यावीत. मग गावातल्याच एका म्हाताऱ्या माउलीला पुढे घालून मैदानावर न्यावे आणि विचारावे, आई, तुम्हांला कुठे जवळ पडेल? त्या जिथे काठी टेकतील, तिथे पहिला खांब रोवावा. मांडवाचा खांब नंतर. देव लऊळपर्यंत आले होते. आपल्याला मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच जायचे आहे.

रामकृष्णहरि.